पारू कीं पारो ?

अजिंठ्याचें नांव निघालें कीं सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें लेणीं उभीं राहतात, गांव उभें राहत नाहीं. फर्दापुराकडून घाट चढून वर आल्यावर जें जुन्या तटबंदीचें अजिंठा गांव लागतें, तें बहुतेक प्रवासी मोटारीच्या खिडकींतूनच पाहतात. या गांवांत एक कबर आहे. तिच्यावर इंग्रजी मजकूर कोरलेला असून त्याचा आशय इतकाच कीं, ही खूण एका प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ केली आहे व ती स्त्री २३ मे १८५६ रोजीं मरण पावली. तिचें नांव तेथें आहे. तिच्या बापाचें नाहीं, कुळाचें नाहीं, वयहि नाहीं. खूण करविणारा पुरुष म्हणजे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति काढणारा मेजर रॉबर्ट गिल, असें सर्वत्र मानलें जातें. गेल्या चाळीस वर्षांत मराठी काव्यानें व मागाहून मराठी चित्रपटानें या स्त्रीस घरोघर पोंचविलें, आणि आज महाराष्ट्र तिला 'पारो' या नांवानें ओळखतो.

हें तिचें नांव आहे काय ? आमचें मत असें कीं, नाहीं. तिचें नांव पारू असलें पाहिजे. एका स्वराच्या फरकासाठीं एवढा लेख कशाला, असें कोणी विचारील. परंतु जिचें नांवाखेरीज दुसरें कांहींच उरलेलें नाहीं, तिच्या दोन अक्षरी नांवांतील एक स्वर म्हणजे तिची निम्मी मालमत्ता होय. ती कोणीं कशी बदलली याचा हिशेब मागणें वाजवी आहे.

गिलची हकीकत थोडक्यांत अशी. २८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रास लष्करांतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या खोऱ्यांत आला व लेणीं युरोपियन जगास ठाऊक झालीं. पुढें १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति काढण्याच्या कामावर त्याच लष्करांतील गिल याची नेमणूक केली. तो अजिंठा गांवीं बारादरींत राहिला व वर्षानुवर्षें हेंच काम करीत बसला. त्यानें मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत काढलेल्या प्रतिकृति विलायतेस जाऊन लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकगृहांत मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्यें तेथें लागलेल्या आगींत त्यांतील बहुतेक जळून खाक झाल्या. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे. ती स्त्री वारली तेव्हां त्याची नेमणूक होऊन बारा वर्षें झालीं होतीं व त्याचें वय पन्नाशीच्या पलीकडे गेलें होतें. एवढा तपशील आमच्या विषयास पुरे आहे.

आतां नांवाकडे वळूं. मूळ नांव पार्वती याविषयीं कोणाचाच वाद नाहीं. पर्वत शब्दास अपत्यार्थी प्रत्यय लागून आद्य स्वराची वृद्धि होते आणि पार्वती, म्हणजे पर्वताची लेक, हें रूप सिद्ध होतें. म्हणजे हें मुळांत नांव नसून बापावरून पडलेली ओळख आहे. जनकाची ती जानकी, द्रुपदाची ती द्रौपदी, त्याच जातीची. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत कालिदासहि हेंच सांगतो: आप्तजन तिला कुळावरून पार्वती म्हणत, आणि उमा हें नांव आईनें तपापासून निवारण करतांना उच्चारलेल्या शब्दांवरून मागाहून पडलें. अजिंठ्याच्या कथेवर लिहिणारांस पार्वतीचा हा अर्थ फार मोहांत पाडतो. डोंगरांतली मुलगी, म्हणून डोंगराची कन्या ! योगायोग सुंदर आहे, पण तो योगायोगच. ज्या घराच्या दारांतून टेकडीसुद्धां दिसत नाहीं अशा घरींहि महाराष्ट्रांत पार्वती जन्मत होत्या. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंची पत्नी, जिनें आपला पति मेला हें कधींच मानलें नाहीं, ती पार्वतीबाई. आणि विधवांच्या शिक्षणासाठीं वर्गणी गोळा करीत अमेरिकेपर्यंत जाऊन येऊन १९२८ सालीं 'माझी कहाणी' लिहिणाऱ्या त्या पार्वतीबाई आठवले. हें नांव पेशव्यांच्या वाड्यांत चाले आणि कोळ्याच्या झोंपडींतहि चाले. आमच्या जुन्या स्त्रीनामांपैकीं इतकीं सर्वसंचारी नांवें थोडींच.

भेद पडे तो नांवांत नव्हे, नांवाच्या तोडींत. मुलीचें नांव घरांत दोन प्रकारें आंखूड केलें जाई. एक प्रकार ऊकारान्त : यमुनेची यमू, गोदावरीची गोदू, गंगेची गंगू, भागीरथीची भागू, सरस्वतीची सरू, पार्वतीची पारू. दुसरा ईकारान्त : यमी, गोदी, गंगी, भागी, सरी, पारी. ऊकार मायेचा; ईकार घाईचा, रागाचा, प्रसंगीं तुच्छतेचा. वेणी घालतांना आई 'पारू' म्हणे आणि दूध ऊतू गेलें म्हणजे तीच आई 'पारे' म्हणून ओरडे. ईकारांत नेहमींच तुच्छता असते असें मात्र नाहीं. संत जनाबाई स्वतःला जनी म्हणवून घेते तेथें दैन्य आहे खरें, पण तें तिनें देवापुढें आपण होऊन पत्करलेलें आहे. हरिभाऊ आपट्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो ?' या कादंबरींत आपल्या नायिकेला यमू म्हटलें, यमी म्हटलें नाहीं. सबंध कादंबरी ती मुलगी स्वतःच्या तोंडानें सांगते. वाचकानें तिच्याकडे आईच्या नजरेनें पाहावें अशी ग्रंथकर्त्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेचा अर्धा भार त्या एका ऊकारानें उचलला आहे.

याच ऊकारावर वय वाढतांना 'बाई' चढते. पारूची पारूबाई होते, गंगूची गंगूबाई होते, सखूची सखूबाई होते. पारूबाई प्रत्येक मराठी माणसानें ऐकलेली आहे. पारोबाई आमच्या कानीं कधीं आलेली नाहीं.

कारण उघड आहे. ओकारान्त स्त्रीनाम ही मराठीची चालच नव्हे. मराठींत शेवटचा ओकार येतो तो 'अहो'मध्यें, किंवा 'बायांनो', 'मुलींनो' अशा अनेकांस घातलेल्या हांकेंत. कोंकणांत 'बायो' असें लाडकें संबोधन आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण ती सह्याद्रीच्या पलीकडची लकब झाली, आणि अजिंठा तेथून फार दूर. उलट हिंदींत व पंजाबींत हा ओकार लाडाचा खास प्रत्यय आहे. बन्नो, रज्जो, लाजो, धन्नो हीं नांवें तिकडचीं. (त्यांतलें शेवटचें १९७५ च्या 'शोले'मुळें मराठी घरांत आलें तें एका घोडीबरोबर.) हाच प्रत्यय पार्वतीस लागला म्हणजे पारो होते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची 'देवदास' ही कादंबरी १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या बंगाली मूळांत देवदास पार्वतीला 'पारु' अशीच हांक मारतो. बंगालीचीहि ऊकाराची रीत आपल्यासारखीच आहे. पारुची पारो झाली ती हिंदी पडद्यावर. १९५५ सालीं बिमल रॉय यांच्या चित्रपटांत सुचित्रा सेन यांनीं आणि २००२ सालीं संजय लीला भन्साळी यांच्या चित्रपटांत ऐश्वर्या राय यांनीं जी रंगविली ती पारो. आणि हिंदुस्थानभर विफल प्रेमाचें दुसरें नांव पारो असें होऊन बसलें. बंगालच्या मुलीचें नांव जेथें टिकलें नाहीं, तेथें अजिंठ्याच्या मुलीचें कसें टिकावें ? मराठी कवि व दिग्दर्शक तिच्याकडे वळले तोंपर्यंत महाराष्ट्राच्या कानांत 'पारो' हा नाद पक्का मुरलेला होता, आणि त्याच नादांत त्यांनीं दगडावरचीं अक्षरें वाचलीं, असा आमचा तर्क आहे.

पण दगडावरचीं अक्षरें काय म्हणतात ? छापील मजकुरांत तें नांव कोठें एका इंग्रजी 'ओ'नें, तर कोठें दोन 'ओं'नीं दिलेलें आढळतें. दोन 'ओ' ज्यांनीं दिले आहेत त्यांचा पाठ घेतला तर वाद उरतच नाहीं. कंपनीच्या काळच्या इंग्रजी लेखनांत जोड 'ओ' म्हणजे ऊकार. पुण्याचें 'पूना', 'हिंदू', 'बाबू' हे शब्द त्या काळचे इंग्रज याच जोड अक्षरानें लिहीत. पूनाला पोना किंवा बाबूला बाबो म्हणून कोणी वाचलें नाहीं. एक 'ओ' घेतला तर अक्षर पारोच्या बाजूस झुकतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या लिपींत तेंच एक अक्षर एका शब्दांत ओकार व दुसऱ्यांत ऊकार दाखवितें, तिच्या एका अक्षरावर एका भाषेची सबंध नामरीत मोडीत काढणें हा उलटा न्याय झाला. साक्षीदार आधींच दोन जबान्या देणारा असेल, तर घरच्या माणसांची जबानी आधीं घ्यावी.

कोणी असेंहि म्हणेल कीं, अजिंठा त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतें, तेथें मराठीशेजारीं दखनी उर्दूहि बोलली जाई, तेव्हां ओकार तिकडून आला असेल. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. मात्र उर्दू लिपींतहि ऊकार व ओकार यांस 'वाव' हें एकच अक्षर आहे. त्यामुळेंच फारसींतील 'बानू' इकडे कोठें बानू तर कोठें बानो अशी उच्चारली जाते. म्हणजे रोमन व उर्दू या दोन्ही लिप्या या जागीं सारख्याच मुक्या. आमच्या मोडींत ऊकाराचें चिन्ह निराळें व ओकाराचें निराळें. ती लिपि या बाबतींत फसवीत नाहीं. दुर्दैव असें कीं, या मराठी नांवाच्या वांट्यास दगड आला तो रोमन अक्षरांचा.

आणि हें दुर्दैव त्या एकट्या नांवाचें नव्हे. त्याच गांवाचेंहि आहे. गांवाचें नांव अजिंठा. इंग्रजांनीं तें आपल्या अक्षरांत बसवितांना मधला इकार गाळला व ठकाराचा साधा तकार केला. पुढें हिंदीनें इंग्रजी पाहून 'अजंता' लिहिलें, आणि आतां मराठी मनुष्यहि मुलांना घेऊन 'अजंता' पाहावयास जातो. गांवचा शेतकरी मात्र अजूनहि अजिंठ्याच्या बाजारास जातो. अजिंठ्याचें अजंता आणि पारूची पारो या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यानें घडल्या : मराठी तोंडांतून इंग्रजी कानांत, इंग्रजी अक्षरांतून हिंदी तोंडांत, आणि तेथून परत आपल्याकडे. माहेरीं आलेली मुलगी ओळखूं येऊं नये, तसें हें झालें आहे.

कै. ना. धों. महानोर यांचें 'अजिंठा' हें दीर्घकाव्य १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्याविषयीं लिहितांना आम्ही आदर बाजूस ठेवूं शकत नाहीं, व ठेवण्याचें कारणहि नाहीं. पळसखेडें हें कवीचें गांव त्याच मुलखांतलें. तेथील पीक, पाऊस, पांखरें यांचे शब्द त्यांनीं मराठी कवितेंत आणले ते पुस्तकांतून नव्हे, बांधावरून. १९६७ च्या 'रानांतल्या कविता' पासून वाचकांस हा अनुभव आहे. म्हणूनच आमची तक्रार त्यांच्याकडे अधिक आहे. ज्या कानानें रानांतले इतके बारीक आवाज टिपले, त्या कानानें आपल्याच शिवारांतली पारू सोडून पारो कां घेतली ? याचें उत्तर काव्याच्या अंगानें देतां येतें आणि तें दिलें पाहिजे. 'पारो' शब्दाचा शेवट उघडा आहे. त्यावर आवाज लांबवितां येतो, हांक दरीपार जाते. 'पारू' म्हणतांना ओंठ मिटत येतात. तें नांव ओसरींतल्या ओसरींत ऐकूं जावें असें आहे. गेय रचनेंत कवीनें उघडा स्वर पसंत केला तर त्यास दोष देणारा टीकाकार अरसिक ठरेल. २०१२ सालीं कै. नितीन चंद्रकांत देसाई यांनीं याच काव्यावरून 'अजिंठा' चित्रपट काढला. गीतें महानोरांचीं, संगीत कौशल इनामदार यांचें, आणि पारो झाल्या सोनाली कुलकर्णी. गाण्यांचा चित्रपट म्हटल्यावर तेथेंहि तीच गरज. (देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजीं वारले व महानोर दुसऱ्याच दिवशीं.)

तेव्हां काव्यांत पारो राहो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नांवाबरोबर काय काय आंत आलें तें वाचकानें पाहावें. पारो हें नांव उच्चारतांच एक तयार साचा पुढें येतो : विरहिणी, अडविणारा समाज, दोन स्वतंत्र जीवांचें प्रेम, व अटळ मरण. या साच्यांत गिल आपोआप देवदासाच्या जागीं जाऊन बसतो. वस्तुतः गिल कोण होता ? सत्ताधारी कंपनीचा लष्करी अधिकारी, विवाहित, प्रौढ. ती कोण होती ? ज्या गांवांत तो साहेब म्हणून राहिला, तेथील एक मुलगी. त्यांच्यामध्यें प्रेम नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. दगडावरचा 'प्रिय' हा शब्द खोटा ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु त्या शब्दाआधीं 'माझी' हाहि शब्द आहे, आणि साहेबाची मर्जी व गांवच्या मुलीची खुशी हीं दोन्ही एकाच तराजूंत तोलतां येत नाहींत, हें त्या काळाची माहिती असणारास सांगावयास नको. पारो म्हटलें कीं हा विचार सुचतच नाहीं. पारू म्हटलें म्हणजे ती लागलीच कोणाची तरी लेक होते, आणि मनांत येतें कीं तिच्या आईबापांनीं हें कसें घेतलें असेल. काव्य ज्या प्रश्नावरून हलकेंच निघून जातें तो प्रश्न नुसत्या ऊकारानें उभा राहतो.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, आणि ती आमच्या मध्यमवर्गीय घरांस फारशी भूषणावह नाहीं. आमच्यांत मुलीचें माहेरचें नांव लग्नाच्या दिवशीं ताटांतल्या तांदुळांवर पुसलें जाई. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याहि माहेरच्या यमुनाच. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई त्या दिवसापासून आनंदीबाई झाल्या. सासरीं मिळालेलें नवें नांव तरी नवऱ्यानें चारचौघांत घ्यावें ? तेंहि नाहीं. 'अगं' आणि 'इकडे ये' यांवर संसार पार पडत, आणि बायकोनें नवऱ्याचें नांव घ्यावयाचें तें उखाण्याच्या आडोशानें. अशा काळीं, १८५६ मध्यें, एका पुरुषानें एका स्त्रीचें लाडकें नांव, जें केवळ तिच्या आईबापांच्या व मैत्रिणींच्या तोंडीं असावयाचें तें, रस्त्यावरच्या दगडावर उघडें कोरविलें. त्याला तें नांव पार्वती असें पूर्ण ठाऊक असेल किंवा नसेल. त्यानें ऐकली ती हांक, आणि कोरविली ती हांकच. यमूचें, गोदूचें नांव आमच्याच लोकांनीं पुसलें. पारूचें उरलें, तें तिला सप्तपदी मिळाली नाहीं म्हणून. या गोष्टीचा आनंद मानावा कीं खेद, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

नांवानें अर्थ किती पालटतो याचें उदाहरण खुद्द लेण्यांतच आहे. सोळाव्या लेण्यांतील 'मरणासन्न राजकन्या' हें चित्र इंग्रजी प्रेक्षकांनीं दिलेल्या या नांवानें जगभर गाजलें. पुढें अभ्यासकांनीं ओळख पटविली कीं, ती नंदाची पत्नी सुंदरी; पति भिक्षु झाल्याची खूण पाहून ती मूर्च्छित झाली आहे. अश्वघोषाच्या सौंदरनंदाचा विषय हाच. नांव कळतांच मरणाचें चित्र त्यागाचें झालें, आणि तो त्यागहि तिचा नव्हे, तिच्यावर लादलेला. चित्राची एक रेघहि बदलली नाहीं.

पारू हें नांव आतां मागें पडलें आहे. देवी मागें पडलेली नाहीं. गौरी, उमा, अपर्णा, गिरिजा या मुली शाळाशाळांतून सांपडतील. शैलजा म्हणजे अक्षरशः पार्वती, तरी मुलीला शैलजा म्हणण्यास ज्या आया कचरल्या नाहींत त्यांना पार्वती मात्र जुनाट वाटली. याचें कारण आमच्या मतें नांवाच्या अर्थांत नसून त्याच्या आंखूड रूपांत आहे. पार्वती ठेवली कीं तिची पारू होणारच, आणि पारू म्हणजे खेड्यांतली, पारू म्हणजे कामवाली, अशी समजूत शहरांत रुजली. २०२४ सालीं सुरू झालेल्या 'पारू' या दूरचित्रवाणी मालिकेची नायिकाहि श्रीमंतांच्या घरीं वावरणारी खेड्यांतली साधी मुलगीच आहे. नांव ऐकतांच प्रेक्षकास तिची पायरी कळावी, अशी ती योजना. वेसाव्याच्या कोळ्यांनीं मात्र या नांवाची लाज धरली नाहीं. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांतली पारू नटूनथटून मिरवते, आणि लग्नाच्या वरातींत शहरी मंडळी तिच्या नांवावर खुशाल नाचतात. नाचून झाल्यावर मुलीचें नांव तें ठेवीत नाहींत, इतकेंच.

ज्या नांवाची शहरास लाज वाटते, तें अजिंठ्याच्या कथेच्या नायिकेस नको झालें असल्यास नवल नाहीं. परंतु काव्य व गाणें सोडून जेथें माहिती द्यावयाची आहे तेथें, म्हणजे प्रवासवर्णनांत, स्थळांच्या मार्गदर्शक पुस्तकांत, गिलच्या चरित्रांत आणि शाळेच्या सहलीस निघालेल्या मुलांस सांगावयाच्या गोष्टींत, आम्ही पारू असेंच लिहावें व बोलावें. महानोरांच्या काव्याची पुढील आवृत्ति निघेल तेव्हां संपादकांनीं मूळ शब्दास हात न लावतां प्रस्तावनेंत दोन ओळींची टीप द्यावी, आणि त्या टिपेंत गांवाचें नांवहि अजिंठा असेंच छापावें.